गारांवरून सहा किलोमीटर

गोजाबाईनं पिठाच्या गिरणीत उभं राहून सांगितलं, की सिद्धरामच्या विजेच्या गाडीची बॅटरी वाटेत संपली आणि म्हणून त्याची बायको अंबुबाई गेली. दळण घरी पोचायच्या आत ही बातमी तीन गल्ल्या पुढं गेली होती. खोटी होती. गाडीत एकसष्ट टक्के चार्जिंग शिल्लक होतं. शेजारचे रावजी शपथेवर सांगतात, आणि रावजी त्या दिवशी गाडीतच होते. का होते, ते येईलच.

सिद्धराम मोहोळजवळच्या आमच्या गावातून दुधाचे कॅन डेअरीला पोचवतो. डिझेलचा टेम्पो विकून त्यानं हा बॅटरीवरचा छोटा पिकअप आणला, तेव्हा गल्लीनं त्याला कमी छळलं नाही. "आज चार्जिंगला मोबाइल लावलास का गाडी?" असं रोज कुणीतरी विचारायचंच. अंबुबाई मात्र पुढच्या सीटवर ऐटीत बसायची. बसली की सूचना सुरू.

"हळू चालवा की! म्हस दिसंना व्हय तुमाला?"

सिद्धराम मुद्दाम जोरात न्यायचा. "माजं ऐकत न्हाईत," असं ती उतरल्यावर अख्ख्या गल्लीला ऐकवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी हजर.

एप्रिलातल्या त्या दुपारी अर्धा तास गारा पडल्या. लिंबाएवढ्या. रस्ता पांढराफटक. गारा थांबल्या आणि अंबुबाईच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेवाला फोनवर म्हणाला, एवढ्या निसरड्यात आत येता येणार नाही, हायवेच्या फाट्यावर थांबतो. फाटा सहा किलोमीटर.

रिकामा पिकअप निघाल्या निघाल्या मागून सटकला. एक्सलेटरवरनं पाय उचलला की ही गाडी आपली आपणच ब्रेक आवळते, आणि गारांवर तेवढ्यानंही शेपूट फिरते. सिद्धराम खिडकीतनं ओरडला, "रावजीतात्या, मागं चढा! वजन पायजे!" रावजी चढले, गल्लीतली महानंदा चढली, बघता बघता सात माणसं, पुन्हा गारा आल्या तर म्हणून डोक्यावर पोती घेऊन, हौद्यात बसली. रावजींच्या पोटाचा गावाला उपयोग झाला तो तेवढाच.

गाडीला आवाज नाही. चाकाखाली गारा कुरकुरत होत्या आणि शेजारी अंबुबाईचा श्वास. जुन्या टेम्पोच्या खडखडाटात तो कधी ऐकू आला नसता. सिद्धरामला वाटत होतं, पाय दाबावा. ओढ्याच्या उतारावर त्यानं जरा दाबलाच. गाडी तिरपी झाली, अंबुबाईचं डोकं दारावर आपटलं.

"हळू चालवा की," ती म्हणाली. आवाज कसला, नुसता वारा.

"व्हय. हळूच चालवतो."

आणि खरंच त्यानं बैलगाडीची चाल धरली. एक किलोमीटर, दुसरा. फाट्यावरचा लाल दिवा लांबून दिसायला लागला, मागनं रावजींनी "आलो रे, आलो!" म्हणून टपावर थाप मारली. सिद्धरामला मात्र आता नुसत्या गाराच ऐकू येत होत्या. त्यानं चाल बदलली नाही. फाट्यापर्यंत तशीच हळू नेली.

दिवसकार्य झाल्यावर गोजाबाई बसायला आली. बॅटरीचं खोटं पडलं होतं, पण बाई हटणाऱ्यातली नाही.

"चार्जिंग व्हतं, तर मग एवढं हळू कशापायी चालवलंस रे? दाबायची की जरा!"

रावजींनी डोळे वटारले. सिद्धराम गाडीची पुढची सीट पुसत होता. मान वर न करता म्हणाला,

"जलमभर म्हणायची, माजं ऐकत न्हाईत. त्या दिवशी ऐकलं, गोजाक्का."