हात सैल सोडा, बाई

गेल्या वर्षी लातूरला सासरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी सासूबाईंवर ओरडले. पानावर पाच सवाष्णी बसलेल्या होत्या, समोर ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या, आणि माझ्या हातातली पळी मी पातेल्यात आपटली होती. कारण सांगायचं तर एका वाक्यात संपतं. कटाच्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. आमच्याकडे स्वयंपाक सोवळ्यात होतो आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नसते, त्यामुळे घाईत झालेली चूक पानावरच कळते. सासूबाईंनी फक्त विचारलं, “दोनदा घातलंस का गं?” मी म्हणाले, “एवढं होतं तर तुम्हीच करायचं होतं.” त्यांचे गुडघे चार वर्षांपासून गेलेले आहेत, हे मला माहीत होतं.

मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दर वर्षी सणांच्या पुरवणीत ताण कसा कमी करावा यावर एक चौकट जाते. श्वासाकडे लक्ष द्या, एका वेळी एकच काम करा, जे चाललं आहे त्यातच मन ठेवा. तिचा मथळा बहुतेक वेळा मीच देते. कार्यालयात एकदा सजगतेचं शिबिरही झालं. डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं, तेव्हा मी मनात दुसऱ्या दिवशीच्या पानाची मांडणी करत होते. दुसऱ्याला सांगायला सोपी आणि स्वतःला न लागू पडणारी गोष्ट, असं माझं त्याबद्दल मत होतं. देवाबद्दलचं मतही फार वेगळं नव्हतं. महालक्ष्म्या मी करत होते, कारण मी घरातली थोरली सून होते.

त्या प्रसंगानंतर नांदेडच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. आणि यंदा आषाढात सासूबाईंचा लातूरहून फोन आला. “यंदाच्या महालक्ष्म्या उरकून घे. पुढच्या सालापासून मुखवटे उदगीरला धाकटीकडं देऊन टाकू. तुला झेपंना झालंय.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. थोरली सून हयात असताना मुखवटे तिच्या हातून जाणं म्हणजे आमच्या घरात काय, हे कुणी बोलून दाखवत नाही. मला ते जाऊ द्यायचे नव्हते. यात भक्ती किती आणि अहंकार किती, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

महालक्ष्म्या बसण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी लातूरला पोहोचले. बॅगेत वेळापत्रक होतं, वर्तमानपत्रात छपाईला पान सोडण्याच्या वेळा लिहितात तसं, प्रत्येक कामापुढे वेळ. गोलाईच्या बाजारात सोळा भाज्या, फुलं, केळीची पानं घ्यायची होती. निघताना सासूबाई म्हणाल्या, “बांगड्या भरून ये. मोकळ्या हातानं त्यांना उभं करू नाही.” हे काम यादीत नव्हतं. मी चिडूनच मनियाराच्या दुकानात शिरले.

तिथे बायकांची गर्दी होती. बांगड्या भरणारी बाई साठी उलटलेली होती. सगळ्या तिला चाची म्हणत होत्या. तिने माझा हात घेतला, अंगठा आत दुमडला, हिरवी बांगडी सरकवली. हाडाशी येऊन ती फुटली. दुसरीही फुटली. मी घड्याळाकडे पाहिलं.

चाची थांबली. “बाई, हात दिलाय का नुसता ठिवलाय?”

“दिलाय की.”

“न्हाई दिला. आंगठा दगड झालाय. मन कुठं हाय तुमचं?”

मी खरं ते सांगितलं. “पुरणात.”

शेजारची एक बाई म्हणाली, “चाची, मग ह्यांच्या हातात पोळीच सरकवा की!” सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

चाचीही हसली नाही. “पुरन परवा शिजंल. आत्ता चुडी बघा. डोळे मिटायचे न्हाई, बघायची. हाडावर आली की दम सोडायचा. तुमी दम धरता, मंग हाड उभं ऱ्हातं. हात सैल सोडा, बाई.”

मी बांगडीकडे पाहिलं. ती हाडावर आली तेव्हा मी श्वास सोडला. थोडं दुखलं आणि बांगडी मनगटावर गेली. पुढची गेली. मग त्यापुढची. दोन्ही हातांत सात-सात बांगड्या भरून होईपर्यंत मी दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता. हे माझ्या नंतर लक्षात आलं. इतक्या महिन्यांत असा सलग वेळ मला मिळालेला नव्हता. तिने माझं नाव विचारलं नाही, उपदेश केला नाही. मी उठायच्या आत पुढच्या बाईचा हात तिच्या हातात होता.

या अनुभवाला मी चमत्कार म्हणत नाही. घडलं ते एवढंच, की शिबिरात जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका अनोळखी बाईने हात धरून शिकवलं, आणि तेही मी यादीत न धरलेल्या कामात, सासूबाईंनी पाठवल्यामुळे. नेमक्या त्या दिवशी मला तिथे कुणी नेलं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पूर्वी असा प्रश्न मला पडलाही नसता.

महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी जेवण होतं. पहाटेपासून मी एका वेळी एकच काम करायचं ठरवलं होतं आणि ते निम्मंच जमलं. चारही शेगड्या पेटलेल्या, आरतीची वेळ जवळ आलेली, दाराशी कुणाच्या तरी चपला वाजल्या. उलथन्यावरची माझी मूठ आवळलेली आहे, हे मला दिसलं. दिसलं म्हणून सोडता आली. श्वास सोडला, पोळी उलटली. असं अनेकदा करावं लागलं. मन पळत होतं, मी ते परत आणत होते, एवढंच.

मग आमटीपाशी आले आणि मीठ घातलं की नाही, ते मला आठवेना. चव घेता येत नव्हती. पुन्हा घालावं तर गेल्या वर्षीचंच व्हायचं. कुणाला न विचारता काहीतरी ठरवून टाकायची माझी सवय. त्या दिवशी मी दाराशी खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, “आई, आमटीत मीठ पडलं का, मला आठवत नाही.” हे एवढं बोलणं मला त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम वाटलं.

“मी फुलवाती करायले,” त्या म्हणाल्या. “माझं बी ध्यान नव्हतं.” हातातली वात वळत त्यांनी विचारलं, “मग?”

“तशीच दाखवते.”

“दाखव. जे हाय ते तिच्यासमोरच हाय.”

मी नैवेद्य दाखवला. हात जोडले तेव्हा आमटी कशी झाली आहे ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी शांत उभी होते.

सवाष्णी बसल्या. शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी पहिला भुरका मारला. “अगं, ही तर बिनमिठाची!” गेल्या वर्षीचा तो राग पुन्हा आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि श्वास सोडला. “हो काकू, राहिलंच. वाढते मीठ,” असं मी म्हणाले.

खुर्चीवरून सासूबाईंचा आवाज आला, “गेल्या सालचं अजून पुरून उरलंय, म्हणून यंदा घातलं न्हाई तिनं.”

पंगत हसली. मी सगळ्यात जास्त हसले, आणि माझे डोळे भरून आले. पदराने पुसत मी मीठ वाढलं.

विसर्जनाच्या दिवशी मुखवटे मऊ कापडात गुंडाळताना मी सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “लागलं न्हाई असं मी म्हणणार नाही. लई लागलं. पण तू मला मीठ विचारलंस ना, तेव्हाच ते गेलं. इतक्या वर्षांत तू मला काही विचारलंच न्हाईस.” मी त्यांना त्रास नको म्हणून सगळं एकटीने करत होते, असं मला वाटत होतं. त्या मात्र बाजूला पडल्या होत्या.

शरण जाणं म्हणजे काम टाकून देणं, असा माझा समज होता. तसं ते नाही. काम पूर्ण मन लावून करायचं, आणि जे आपल्याला माहीत नाही, जे आपल्या हातात नाही, ते कुणासमोर तरी मोकळेपणाने मान्य करायचं. माणसासमोर ते जमलं म्हणून मला देवीसमोरही जमलं. गोळी अजून चालू आहे. चौकटीचा मथळा यंदाही मीच दिला, आणि पहिल्यांदाच मजकूर शेवटपर्यंत वाचला. ज्या शक्तीने हे मला माझ्याच स्वयंपाकघरात दाखवलं, तिच्यापुढे मी कृतज्ञ आहे.

विसर्जनाच्याच संध्याकाळी उदगीरहून जावेचा फोन आला. मुखवटे न्यायला कधी येऊ, असं ती विचारत होती. सासूबाईंनी फोन माझ्या हातून घेतला.

“न्यायला कशाला?” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली दोन दिवस आधी ये. मी अन् तुझी जाऊ, आम्हा दोघींना एक हात कमी पडतोय.”