रानात काय खाल्लं?

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट.

आमचे हे देवाघरी जाऊन दोन महिने झाले. मी रोज प्रार्थना करून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते, वाचते, मिटते. आत काहीच हलत नाही.

आज वाचायला बसले तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. मूळच्या पिशोरच्या, जन्म शेतीत गेलेला. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, मी बी ऐकते."

वाचलं. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात फिरत राहिले.

"रानात व्हय? मग पेरलं काय त्यांनी?"

काकूंचं रान म्हणजे शेत. मी म्हटलं, "हे रान तसलं नाही हो. ओसाड. तिथं काही उगवतच नाही."

"मग खाल्लं काय?"

"देव रोज आभाळातून मान्ना द्यायचा. त्या दिवसापुरतं अन्न."

काकूंनी विचारलं, "आन् तू काय खाल्लं गं आज?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

त्या उठल्या, माझ्याच ओट्यावर भाकरी थापली आणि समोर बसून राहिल्या. चव कळली नाही. रडूही आलं नाही. ताट मात्र रिकामं झालं.

चाळीस वर्षांचं मला माहीत नाही. आजचं झालं.

तुम्ही जेवलात का?