बॉयकॉट म्हणजे काय, पप्पा?

सिंगापूरमध्ये सेरंगूनच्या एका कॉन्डोत मराठी कुटुंबांचं जेवण होतं. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा. सुजातानं, माझ्या बायकोनं, भरली वांगी केली होती. यजमानांनी मला आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग 'म्हणजे नेमके तुम्ही कुठले?' मी सांगितलं, बौद्ध. 'छान, छान,' म्हणाले. बघता बघता बातमी आत पोचली. सगळी भांडी रिकामी झाली, आमचं तसंच राहिलं. यजमानीण वहिनी सुजाताला म्हणाल्या, 'पोटं भरलीत हो सगळ्यांची.' आणि लगेच श्रीखंड वाढायला गेल्या.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत सुजाता भरलेलं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. मी काय बोललो? 'पुढच्या वेळी बाहेरचं काहीतरी नेऊ. घरचं नको.' लाज वाटायला हवी होती. उलट तोडगा सापडला म्हणून बरं वाटलं. मग आम्ही दुकानातली मिठाई नेत राहिलो. ती मात्र सगळे मिटक्या मारत खायचे.

पुढे पोरीला शाळेनं काम दिलं. एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, ते आलं कुठून ते शोधायचं. तिनं बॉयकॉट घेतलं. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना सांगू लागली. आयर्लंडमध्ये जमीनदाराचा एक कारभारी होता, त्याचं हे आडनाव. तो कुळांना हाकलायला निघाला. मजुरांनी त्याचं पीक कापायचं नाकारलं, दुकानदारांनी सामान बंद केलं.

मग आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, 'सो पप्पा, गरिबांनी बॉसला केलं. स्मार्ट, लाह. तुम्ही पाहिलाय कधी बॉयकॉट?'

मी म्हणालो, 'नाही.'

खोटं. साफ खोटं. माझ्या बापानं पाटलाचा मेलेला बैल ओढायला नकार दिला, तेव्हा गावानं आमच्या वस्तीचं मीठसुद्धा तोडलं. गिरणी बंद. बाप तालुक्याला चालत जाऊन मीठ आणायचा. पण बैल ओढला नाही. आणि त्याच्या इंजिनियर पोरानं बायकोच्या हातचं अन्न स्वतःच बाद केलं. त्या लोकांना तोंड उघडायचीही गरज पडली नाही. त्यांचं काम मीच केलं.

मग पोरीला सगळं खरं सांगितलं. सुजाताची माफी मागितली. ती म्हणाली, 'त्यांच्यापेक्षा तुझं जास्त लागलं मला.'

पुढच्या जेवणासाठी वहिनींचा फोन आला. 'तुमची ती मिठाई आणाल ना?'

'नाही. आम्ही येणारच नाही. सुजाताच्या हातचं तुम्हाला चालत नाही, म्हणून तुमच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. सगळ्यांना हेच कारण सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगेन.'