बेंबी जागेवर बसली

दिंडोशीतल्या माझ्या दवाखान्यात ती एकदाच आली. बाहेर बाकावर वाकून बसली होती आणि येईल त्याला आपल्या आधी आत पाठवत होती. खोकला आला की तोंडाऐवजी पोटच घट्ट दाबून धरायची.

"आता काय दुखत नाय, डॉक्टर," आत आल्यावर म्हणाली. "काल नुसता जीव जात होता. बेंबी सरकली होती. शेजारणीनं तेल लावून चोळली, तर सकाळी अचानक थांबलं बघा."

ते अचानक थांबणंच मला आवडलं नाही. झोपवून हात ठेवला, तर पोट पाटासारखं कडक होतं आणि नाडी धावत होती. अपेंडिक्स फुटल्यावरही घटकाभर असाच आराम पडतो. तसं तिला सांगितलं, पाणीसुद्धा पिऊ नका म्हटलं आणि मोठ्या हॉस्पिटलात न्यायला रिक्षा थांबवली.

"चोळल्यामुळे फुटलं काय?"

"सांगता येत नाही. पण चोळायला नको होतं."

रिक्षात बसताना तिने माझं मनगट धरलं. "तिला बोलू नका हं. मायेनं केलंन तिनं."

ऑपरेशननंतर ती वाचली नाही. तेरावं झाल्यावर एक बाई दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत काही येईना.

"मी तिची शेजारीण. माझ्या हातानं तिला बरं वाटलेलं ना, डॉक्टर?"

"हो," मी म्हणालो. "तसं ती म्हणाली होती."