साडूची चांदणी

माझा साडू चालताना खाली बघायचा. रस्त्यात मधेच थांबायचा, उकिडवा बसायचा आणि मागून येणारा माणूस त्याच्यावर आपटायचा. बहुतेक वेळा तो माणूस मीच असायचो. एकदा खांब गावच्या नाक्यावर असाच खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. धावत जाऊन पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर ओतली. ओल्या डोक्यानं वर बघून म्हणाला, "दादा, सावकाश. फूल बुडंल." फूल कसलं, गटाराच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी.

तो रोह्याचा, कंपनीत शिफ्टला. मी गडबचा, रिक्षा चालवतो. शाळा दुसरीपर्यंत, तीपण मधल्या सुट्टीपुरती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर गागोद्याच्या अंगाला. मोठी माझी, धाकटी त्याची. म्हणजे मोठा जावई मी, मान माझा. मान मिळायचाही. मी गेलो की सासूबाई हातवाली खुर्ची मांडायच्या, पदरानं पुसायच्या, "बसा पाव्हणं" म्हणायच्या आणि आत जायच्या. साडू आला की चपला काढून घरातनं सरळ मागच्या पायरीवर. तिथं दोघं शेजारी बसून वालाचं बिरडं सोलायची आणि हसायची. मी पुढं खुर्चीत. खुर्चीला हात होते म्हणून बरं, धरायला तरी काहीतरी होतं.

"आत काय चाललंय गो?" मी बायकोला विचारायचो.

"काय नाय. फुलं बघतायत."

"एवढा वेळ?"

"तुम्ही काय गवतावर जळता का आता?"

व्हय, जळायचो. त्याचं कारण म्हणजे ती चांदणी. जमिनीलगत पसरणारी नाजूक वेल, बारीक गोल पानं, पांढरी फुलं. आमच्याकडं तिला नाव नाय. तण म्हणतात आणि उपटतात. घरात मलाही साधारण तेवढीच किंमत, पण माझं कुणी कौतुक केलं नाय. साडूनं ती कंपनीच्या मागच्या ओल्या भिंतीजवळनं आणली, ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यातनं. सासूबाईंच्या मोरीच्या पाण्यावर लावली. कोंबडीची पिल्लं ती टिपायला लागली आणि सासूबाई खूश. 'चांदणी' नाव त्यांनीच ठेवलं. "तू कशाला बघतोस रे एवढं बारीक?" असं त्या विचारायच्या, तर हा म्हणायचा, "आई, कंपनीत सगळं मोठं मोठं. डोळं शिणतात. म्हणून बारीक बघायचं."

एकदा मीही मागं गेलो. म्हटलं, आपणही बघू.

"दादा, किती पाकळ्या?" साडूनं विचारलं.

"धा."

"पाच. प्रत्येकीला मधी चीर हाय, म्हणून धा दिसतात. देवानं कापायला घेतली, मग त्यालाच जीव झाला नाय."

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "पाव्हण्यांना चष्मा लागला वाटतं." आणि माझ्यासाठी मागच्या दारी खुर्ची आणली.

माझी इच्छा एकच होती. सासूबाईंनी एकदा माझ्या घरी राहायला यावं. साडूकडं त्या पिशवी भरून जायच्या, चांगल्या आठ-आठ दिवस. मला म्हणायच्या, "तुमच्याकडं हायवेचा आवाज लय, झोप नाय लागत." रोह्याला काय रेल्वे पाय न वाजवता येते? पण हे बोलायची सोय नाय, मोठा जावई ना मी.

मग एका थंडीत सासरी पोपटी केली, म्हणजे मडक्यात पाला घालून शेंगा भाजायच्या. वालाच्या शेंगा भरलेल्या, सगळे जमलेले. सासूबाई मला म्हणाल्या, "पाव्हणं, भांबुर्ड्याचा पाला तेवढा आणाल?" पहिल्यांदा काम सांगितलं मला. मी हवेत. शेतावर गेलो, मिळाला तेवढा पाला आणला, मडक्यात खालीवर लावला, शेंगा भरल्या, बटाटे, अंडी घातली, आणि तोंडाशी पाला कमी पडला. परत शेतावर कोण जातो? मागं मोरीपाशी एवढं हिरवंगार होतं. म्हटलं, मडक्याला काय कळतंय. दोन्ही हातांनी मुळापासनं ओढलं, कोंबलं, मडकं उपडं करून भोवती जाळ पेटवला.

मडक्याला कळलं. ती वेल नुसती पाण्यानं भरलेली. शेंगा भाजल्या नाहीत, उकडल्या. वासही असा यायला लागला की कुत्रं उठून गेलं. सगळ्यांनी एकेक शेंग तोंडात घातली आणि पाण्याचा तांब्या फिरवला. सासूबाई मागं हात धुवायला गेल्या आणि तिथनंच आवाज आला, "चांदणी कुठं गेली गो?"

पिल्लं उघड्या मातीत चोची मारत होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या पँटीला गुडघ्यापर्यंत तिच्या बारीक चिकट बिया लागलेल्या, त्यामुळं खोटं बोलायचीही सोय नव्हती.

साडूनं आणखी एक शेंग सोलली. "आई, आज शेंगा मऊ झाल्यात. तुमच्या दातांना बऱ्या." सासूबाईंना हसू आलं, सगळे हसले, विषय संपला. मला वाचवलं त्यानं. त्या दिवशी मी त्याच्यावर सगळ्यात जास्त जळलो.

पँट बायकोनं गडबला आमच्या मागच्या दगडावर धुतली. पावसाळा लागला आणि दगडाशेजारी हिरवं पसरलं. मी ओळखलं. चपलेनं घासून काढलं. परत आलं. परत घासलं. तेवढ्यात साडू वाटेत म्हणून घरी आला, नेहमीसारखा थेट मागं गेला आणि खाली बसला.

"दादा, तुम्ही लावली?"

"मी नाय, पँटीनं."

हसून हसून त्याला ठसका लागला. पाणी प्यायला, जाताना म्हणाला, "राहू द्या दादा. वरनं पाणी तेवढं येऊ द्या."

भाताची लावणी आटपली त्या आठवड्यात तो झोपेत गेला. सकाळच्या शिफ्टला उठवायला गेले तर उठलाच नाय. मी रिक्षा काढली, रोह्यापर्यंत रस्ताभर खाली बघत गेलो, म्हणजे खड्डे चुकवायला.

तेराव्याला रोह्यात सासूबाई साडूच्या मागच्या दारी बसलेल्या. मी खुर्ची घेऊन गेलो, त्यांच्यासाठी. त्यांनी बघितलंही नाय. "त्याची चांदणीपण नाय राहिली," म्हणाल्या. गागोद्याला मोरीपाशी मी मुळंही ठेवली नव्हती, नंतर तिथं कोबा झाला.

"आई, माझ्याकडं हाय," मी बोललो. दुःखानं बोललो का हावरेपणानं, मला अजून कळलं नाय.

पुढच्या एसटीनं त्या आल्या. पिशवी भरून. हायवेचा आवाज तेवढाच होता. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. घरातनं सरळ मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. बायकोनं खुर्ची आणली, ती हातानं बाजूला केली. वाकून एक फूल खुडलं, तळहातावर ठेवलं, माझ्यापुढं धरलं.

"किती पाकळ्या?"

"पाच," मी म्हणालो.

"त्यानं शिकवलं ना?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं उत्तर बरोबर आलं, आणि शाबासकी त्याला गेली. "व्हय, आई," म्हटलं.

त्या जरा सरकल्या. पायरीवर एका माणसाची जागा झाली. ती कुणाची जागा होती ते मला ठाऊक होतं, तरी बसलो. मग त्या त्याच्याबद्दल बोलायला लागल्या, लहानसहान, दिवेलागणीपर्यंत. पायरी ओली होती. पँट भिजली, कडेनं बिया चिकटल्या. मी उठलो नाय.