ठेवलेला गंज

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि तरीही ते येताना दिसले की अर्धं नगर आपापली सायकल घरात घ्यायचं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मिशनच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मला नगरला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा आत्याने पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "माणूस लाखाचा आहे. फक्त त्यांच्यासमोर गंजलेलं काही येऊ देऊ नकोस." मला काही उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रंकेच्या बिजागऱ्या लोण्यासारख्या फिरू लागल्या, आणि आतल्या एकुलत्या एका चांगल्या सदऱ्याला घासलेटचा वास आला, तेव्हा झाला.

आतोबांच्या कोटाच्या एका खिशात घासलेटची बाटली असे, दुसऱ्यात विटेची पूड आणि चिंध्या. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर सहसा कुणी बसत नसे. कुणाच्या घरी दुःखाला भेटायला गेले तरी आधी दाराच्या कडीला तेल, मग डोळ्यांना रुमाल. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलगी चहा घेऊन बाहेर आली, आणि आतोबा झोपाळ्यावर उभे राहून वरच्या कड्या पुसत होते. तिकडून नकार आला. आतोबा पुढे कितीतरी दिवस मला विचारत होते, "त्या कड्या आता कुरकुरत नसतील ना रे?" पोस्टमनची सायकल त्यांनी अशीच गुपचूप बरी केली, तर तो बिचारा आठवड्याभरात दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, माझी सायकल पयल्यासारखी करून द्या. आता ती वाजतच न्हाई, आन् मान्सं भाईर येत न्हाईत. समद्यांच्या दारात उभं राहून वरडावं लागतं." आतोबांना त्याचं म्हणणं कळलं नाही. मला कळलं, पण कुणाची बाजू घ्यावी ते समजेना.

हे सगळं ते मालकाला न विचारता करायचे, आणि त्यामागे तत्त्व होतं. "विचारलं की माणूस ओशाळतो," ते म्हणत. "तुमच्या दारात गंज आहे हे परक्याने का दाखवावं? चांगलं काम गुपचूपच करावं, पाळकसाहेबही तेच सांगतात." यावर आत्याने एकदा ताट वाढता वाढता विचारलं, "दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसाल, ते ठीक. पण त्याच्या आईला न विचारता त्याचे केस कापाल का?" आतोबा जेवण उरकून हात धुताना म्हणाले, "केसांना गंज चढत नाही." आत्याने कपाळावर हात मारला.

अशा माणसासमोर ती मोटार आली. शाळेच्या वाटेवर, मोकळ्या मैदानात कडुलिंबाखाली एक प्रवासी मोटार उभी असायची. पूर्वी ती नेवाशाला जात-येत असे. पेट्रोल कूपनावर मिळू लागलं तशी ती थांबली ती थांबलीच. मालक कोण, राहतो कुठे, आम्हाला ठाऊक नव्हतं. मडगार्डं तांबूस झालेली, पायरीचे पोपडे निघालेले. आतोबा सकाळी तिच्याकडे बघत शाळेत जायचे आणि वर्गात नद्यांच्या जागी डोंगर दाखवायचे. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागली. दुपारी सगळं गाव झोपलं की ते बाटली-चिंध्या घेऊन निघत, आणि सोबत मला नेत. माझं काम छत्री धरून उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, दोन माणसं सावलीला थांबलीत.

एक मडगार्ड आरशासारखं झालं. आतोबा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले. पण काही दिवसांनी पाहतो तर मडगार्ड पुन्हा तांबडं! आतोबांनी पुन्हा घासलं, वरून तेलाचा हात फिरवला. गंज पुन्हा हजर. वैशाखातलं नगरचं ऊन, हवेत पाण्याचा टिपूस नाही, आणि पत्र्यावर कोकणातल्यासारखा गंज. आतोबांच्या भूगोलाला हे मानवेना. घरी येऊन ते नकाशा पसरून बसत. समुद्रावरचं वारं घाट चढून इथवर येतं म्हणावं, तर ते सगळं सोडून एकाच मोटारीवर का बसावं? एका दुपारी त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, वाकले, आणि मडगार्डाला चक्क जीभ लावली.

"खारट आहे रे!" ते ओरडले. आनंदाने की भीतीने, मला आजही सांगता येणार नाही.

नेमका तेव्हाच मोटारीच्या पलीकडून एक माणूस आला. डोक्याला मुंडासं, हातात पितळी तांब्या. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. आतोबांच्या ओठाला गंज लागलेला. त्या माणसाने तांब्या पाठीमागे लपवला, आतोबांनी चिंधी लपवली. दोघेही चोरासारखे उभे, आणि मधे मी, छत्री धरून.

"म्हंजे तुमी हाय व्हय!" तो माणूस मटकन पायरीवर बसला. "मी मिठाचं पानी वतून वतून दमलो, आन् ही बया रोज उजळतीया. मला वाटलं, भुताटकीच झाली!"

मोटार त्याचीच होती. सरकार लढाईसाठी चालत्या मोटारी ताब्यात घेत होतं. धड दिसणारी मोटार लष्कराच्या छावणीत गेली की परत कधी यायची याची खात्री नव्हती. म्हणून हा गडी आपली धडधाकट मोटार गंजवून मोडकी दाखवत होता. घरातलं माणूस न् माणूस तिच्यावरच पोसलेलं. "उद्या सायेब बघाया यायचाय," तो म्हणाला. "तुमी तर तिला नवरीवानी नटवली. आता गेली ती. मास्तर, म्या तुमचं काय वाईट केलं हुतं?"

इतके दिवस आतोबा गंजाशी भांडत होते, आणि तो गंज कुणाची तरी ढाल होता. त्या माणसाने तांब्या पुढे केला. "तुमी उजळली, तुमीच वता."

आतोबांनी तांब्या घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे पाप आहे की पुण्य रे?" मी म्हणालो, "आतोबा, मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि पाणी ओतलं. मडगार्डावर, पत्र्यावर, पायरीवर. मग उरलेली पूड-चिंधी कडुलिंबाखाली टाकून घरी आले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. रातोरात पुन्हा तांबड्या झालेल्या मोटारीकडे पाहिलं, पायरीला बुटाची ठोकर मारली आणि पुढे गेला. मोटारवाला नेवाशाची वांगी घेऊन घरी आला आणि आतोबांच्या पाया पडला. आत्याने वांग्यांचं भरीत केलं. आतोबा भरीत खात म्हणाले, "चांगलं झालंय," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट जास्त झालं का, म्हणून आत्या घाबरली.

लढाई संपली, मोटार पुन्हा नेवाशाला धावू लागली. आतोबा पहिल्यांदा तिच्यात चढताना पायरीपाशी थबकले. पायरीला भोक पडलं होतं. त्यांनी वाकून त्यात बोट घातलं. "हे माझ्या हातचं," ते म्हणाले. मोटारवाला हसला, "मास्तर, त्या भोकानंच तर वाचली ही!" आतोबा हसले नाहीत. सगळा प्रवासभर त्यांनी पाय त्या भोकापासून लांब ठेवले.

त्यानंतर न विचारता ते कशालाच हात लावेनात. बाटली खिशात असायची, पण आधी मालकाला गाठून अदबीने विचारायचं, "हा गंज राहिलाय, की ठेवलाय?" माणसं चक्रावून जात. एका टांगेवाल्याने तर रात्री बायकोशी सल्लामसलत करून दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं होतं.

आतोबा जाऊन आता वर्ष होत आलंय. परवा आत्याकडे गेलो तर फाटक उघडताना केवढ्यांदा करकरलं. बिजागऱ्या तांबड्याभडक. ज्या घराच्या खिळ्यालाही कधी गंज चढला नाही, त्या घराची ही दशा बघून मला भरून आलं. आत जाऊन मी कोनाड्यातली त्यांची बाटली काढली, चिंधी घेतली आणि फाटकाशी बसलो. आत्या ओसरीवर आली.

"राहू दे ते."

"अगं, गंजलंय सगळं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते होते तोवर या फाटकाने कधी हूं की चूं केलं नाही. कधी आले, कधी गेले, मला कळायचंच नाही. आता वाऱ्याने वाजलं तरी मी बाहेर बघते. राहिला नाहीये तो. ठेवलाय मी."

मी बाटलीचं बूच पुन्हा लावलं. फाटक लोटून घ्यावं की उघडंच ठेवावं, तेही मला कळेना.