उतार शिकवणाऱ्या काकू

भोकरदनच्या वरच्या अंगाला, जिथं सपाटी संपून डोंगर सुरू होतो त्या पट्ट्यात, आमच्या चुलतसासूबाईंनी जेवढ्या बायका जमिनीवर पाडल्या तेवढ्या हिवतापानेही पाडल्या नसतील. आणि पडलेल्यांपैकी एकीनेही त्यांना कधी बोल लावला नाही. उलट गुडघ्याला हळद लावून दुसऱ्या दिवशी त्याच बायका जावेला किंवा नणंदेला घेऊन पुन्हा त्यांच्या दारात हजर. काकू बायकांना सायकल शिकवत. तीही गावातल्या रस्त्यावरची नव्हे, तर दगडधोंड्यांतली, डोंगराच्या वाटेवरची. सरळ रस्त्यावर सायकल काय, ढकलली तर बाजसुद्धा चालते, असं त्यांचं म्हणणं होतं.

पूर्वी घरात काकांची काळी, दांडीची सायकल होती. काकू ती चाळिशी उलटल्यावर शिकल्या आणि त्या दिवसापासून काका पायी हिंडू लागले. काकांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही, पण काका तसे कशाबद्दलच काही बोलत नसत. मग नव्वदीच्या दशकात पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा एक जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन सुट्टीला आला. पोट कमी करायला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं होतं. सायकल आली, पण पोट तसंच राहिलं, म्हणून ती गावी आणून टाकली. पारावरची मंडळी टायर दाबून दाबून पाहत होती. मुलगा म्हणाला, "ही डोंगरात चालवायची सायकल आहे." काकू म्हणाल्या, "मंग हितं काय करून राह्यली? डोंगर तर तिकडं हाय." आणि लुगड्याचा काचा मारून निघाल्यासुद्धा. दिवेलागणीला परत आल्या तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि चेहरा असा, की घरात कुणी त्यांना काही विचारायला धजलं नाही.

गिअर हा शब्द त्यांना पसंत नव्हता. सगळ्यात हलका गिअर, ज्यात पाय अलगद फिरतो, त्याचं नाव त्यांनी 'माहेर' ठेवलं आणि सगळ्यात जड गिअरचं 'सासर'. "चढ आला का माहेराला जायचं, सपाटीला लागली का सासरी यायचं," एवढ्या दोन वाक्यांत त्यांचं यंत्रशास्त्र आटोपायचं, आणि कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही ते पहिल्याच दिवशी कळायचं. अवघड चढावर कुणी दमून भलताच गिअर टाकला, की खालून काकूंचा आवाज यायचा, "अगं, अशा वक्ताला सासरी कशाला चालली?" साखळीला त्या करडईचं तेल घालत. दुकानातल्या तेलावर त्यांचा विश्वास नव्हता. जे आपण खात नाही ते सायकलीला का घालायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यामुळे काकू जिथून जात तिथून भज्यांचा वास जाई, आणि गावातली दोन-चार कुत्री मोठ्या आशेने पाठोपाठ डोंगर चढत.

माणसांची पारखही त्या सायकलीवरूनच करत. एका स्थळाची चौकशी चालली असताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगा चांगला हाय, पण उतारावर पॅडल मारतो. त्याच्या घरात पैसा टिकणार न्हाई." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाटी, चमचा, फार तर प्लास्टिकचा डबा लुटतात. काकूंनी एका वर्षी पंक्चर काढायच्या सोल्यूशनच्या ट्यूब लुटल्या. प्रत्येकीने ती ट्यूब डोक्याला लावून भक्तिभावाने घेतली, आणि एका आजीबाईंनी घरी जाऊन ती मलम म्हणून टाचेच्या भेगांना लावली. भेगा बुजल्या, असं त्या शपथेवर सांगत.

शिकवायची त्यांची रीत मात्र पक्की होती. पहिले काही दिवस चालवणं नाहीच, फक्त पडणं. नांगरून टाकलेल्या काळ्या रानात त्या बायकांना नेत आणि म्हणत, "पड." बाई लाजायची, पदर तोंडात धरून हसायची. "हसून घे आन मंग पड. एकदा पडायची भीती गेली ना, का निम्मी सायकल आली." मग उताराचा धडा. उतारावर बूड सीटच्या मागं न्यायचं, कोपरं सैल सोडायची, नजर चाकाखालच्या दगडावर नव्हे तर वाटेवर ठेवायची. "दगडाकडं बघितलं का चाक दगडावरच जातं. बघायचं असंल तर जिकडं जायाचं तिकडं बघ," हे त्या इतक्या वेळा सांगत, की बायका ते पुढं पोरांना अभ्यासाच्या वेळी ऐकवू लागल्या.

मला त्यांच्या वर्गात जावं लागलं ते नोकरीपायी. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मला शाळामास्तरीण म्हणून हुकूम आला, तो डोंगरावरच्या वाडीचा. एसटी नाही, जीप नाही. खडकाळ वाटेने पायी चढायचं आणि शाळा सुटली की पायी उतरायचं. थंडीच्या दिवसांत घरी यायला अंधार पडू लागला. माझे सासरे, म्हणजे मामंजी, करारी पण न्यायी माणूस. त्यांनी वार्षिक परीक्षेपर्यंत कळ काढली आणि मग घरात सांगितलं, "बाईमाणसानं अंधारात डोंगर उतरायचा न्हाई. सुट्टी लागली का राजीनामा देऊन टाका म्हणावं." मी रात्रभर रडले. त्या वाडीतली पोरं नुकती कुठं वाचायला लागली होती, आणि मलाही आपण काहीतरी आहोत असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. ती शाळा मला सोडायची नव्हती.

काकूंनी माझी बाजू घेतली, पण त्यात एक अडचण होती. मामंजी काकूंचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं तर बिलकूल नाही. डोंगरावरून आरडाओरडा करत उतरणाऱ्या काकू या बाबतीत अगदी सोवळ्या. साऱ्या जन्मात त्या मामंजींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सांगत. त्या दिवशीही डोक्यावरून पदर घेऊन त्या गोठ्याच्या दाराशी आल्या आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सूनबाई सायकलीवर आली तर उजेडातच घरी यील म्हणावं." मामंजी वैरण टाकत होते. ते म्हशीकडे बघून म्हणाले, "त्या वाटेनं धडधाकट गडी घसरतो म्हणावं." काकू म्हशीला म्हणाल्या, "गडी शिकलेला नसतो. सुट्टीभर मुदत द्या म्हणावं." म्हशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी मामंजी म्हणाले, "दिली. पण शाळा उघडल्याच्या दिवशी आम्ही स्वतः वाटंवर उभं राहून बघू. न्हाई जमलं तर मंग विषय बंद."

मी शिकू लागले. काकूंनी स्वतःचं नऊवारी मला नेसवलं, कारण साध्या साडीत साखळी आणि निऱ्या यांचं जमत नाही. रानात मी मनसोक्त पडले. माहेर-सासर हात न चुकता टाकू लागले. मे महिन्याच्या मध्याला मी निम्मा उतार न थांबता उतरले आणि काकूंनी दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली. आणि दुसऱ्याच दिवशी घात झाला. मी उतारावर ऐन वेगात होते आणि समोरून मामंजी वासरू हाकत वर येताना दिसले. सून आणि सासरा समोरासमोर, सुनेचं डोकं उघडं. पुढं जे झालं ते मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. दोन्ही हात हँडल सोडून पदराकडे गेले. पदर अगदी बरोबर डोक्यावर आला आणि मी त्या पदरासकट घाणेरीच्या जाळीत गेले. मामंजींनी मला काढायला हात दिला नाही, कारण तेही रीतीत बसत नाही. ते फक्त मोठ्यानं काकूंना बोलवा म्हणून ओरडत राहिले, जवळ वासराशिवाय कुणी नसताना.

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात राजीनाम्याचा कागद लिहून टाकला. काकू मात्र माझ्या अंगातले काटे काढता काढता विचारात पडल्या होत्या. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "तुला चढ शिकवला, उतार शिकवला, सासरा शिकवलाच न्हाई."

सकाळी मी डोंगरावर गेले तर वाटेच्या वळणावर एक बुजगावणं उभं. अंगात धोतर-सदरा, डोक्यावर चक्क फेटा, आणि मडक्यावर कोळशाने काढलेल्या मिशा, त्या मामंजींच्या मिशांच्या इतक्या जवळ जाणाऱ्या की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सायकल हातात धरून चालत असूनही डोक्यावर पदर घेतला. काकू दगडावर बसून म्हणाल्या, "बघ, हे असं हाय. आता ह्याच्यासमोरून उतरायचं. हात हलला तर परत वर जायाचं." मी वर गेले, उतरले, हात हलला. परत गेले, परत हलला. बाकीच्या बायकांनाही हा धडा लागू झाला, आणि कुणाचा सासरा बुटका, कुणाचा जाडा, म्हणून बुजगावण्याच्या पोटात कडबा कमीजास्त होऊ लागला. एकीने तर उतरता उतरता त्याला "जेवलात का?" म्हणून विचारलं आणि काकूंनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. माझा हात सुट्टी संपता संपता हलायचा थांबला. म्हणजे बुजगावण्यासमोर थांबला. खऱ्याचं काय, ते मला ठाऊक नव्हतं, आणि काकूंनाही नव्हतं.

शाळा उघडली. सकाळी चढ ठीक गेला. दिवसभर पोरांसमोर मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. शाळा सुटल्यावर काचा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि निघाले. वळण आलं तसं खाली फेटा दिसला. या वेळी तो हलत होता. मामंजी वाटेच्या कडेला काठी टेकून उभे होते, आणि बऱ्याच मागं, बाभळीआड, काकूंच्या लुगड्याचा काठ दिसत होता. वाट अरुंद, एका बाजूला खोल ओघळ. उजवा हात हँडलवरून सुटतो आहे हे मला कळत होतं. आणि त्याच क्षणी मामंजींनी माझ्याकडे पाठ केली. सावकाश, काठी टेकत, ते ओघळाकडे तोंड करून उभे राहिले. बघायला आलेला माणूस बघायचं सोडून पाठमोरा झाला होता, मला पदर घ्यावा लागू नये म्हणून. मी हँडल धरलं आणि त्यांच्या अगदी जवळून उघड्या डोक्याने खाली गेले. डोळ्यांत पाणी होतं, पण वाट दिसत होती.

घरी आल्यावर मामंजींनी म्हशीला वैरण टाकली आणि तिला म्हणाले, "उद्यापासून डबा जल्दी करत जा म्हणावं. चढाला टाइम लागतो." बाकी त्या विषयावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

त्यानंतर मी त्या वाडीत कितीतरी वर्षं शिकवलं. काकूंचे गुडघे हळूहळू गेले, मग वर्ग बंद झाला, मग त्यांचं अंगणातल्या बाजेवरून उठणंही कमी झालं. मी संध्याकाळी उतरले की आधी त्यांच्या दारात पाय टेकायचे. शाळा कशी झाली, तब्येत कशी, असलं त्या काही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज ब्रेक किती येळा दाबला?" मी खरं सांगायची. आकडा लहान असला की त्या मान डोलवायच्या, मोठा असला की नाराज व्हायच्या, आणि मग डोळे मिटून ऐकायच्या. कारण कुठं दाबला, का दाबला, वळणावर खडी आली होती का, हे सगळं त्यांना पहिल्यापासून सांगावं लागे. पुढं वाडीला डांबरी सडक झाली, जीपा धावू लागल्या, बरोबरच्या बाई जीपने येऊ लागल्या. मी जुन्याच वाटेने सायकलीवर येत राहिले. दुसरं काही कारण नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांना सांगायला काहीतरी हवं होतं.

एका हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्याइतकं मी कुणावर प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे त्यांना कधी सांगितलंही नाही. दिवसकार्य उरकून मी शाळेत जाऊ लागले त्या पहिल्याच संध्याकाळी सवयीने वाटभर ब्रेक मोजत उतरले आणि त्यांच्या दारात पाय टेकला. बाज रिकामी होती. आकडा तोंडात धरून मी तिथंच उभी राहिले, परत फिरावं की काय ते कळेना. तेवढ्यात आतून काका बाहेर आले. ते उंबऱ्यात थांबले, माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत म्हणाले, "किती?"

मी आकडा सांगितला.

"ज्यादा झाले," काका म्हणाले, आणि ऐकायला बाजेच्या कडेवर बसले.